केंबळी घराच्या नोंदी: बावनदीचं खोरं, जानेवारी ते जून २०२५

१२ जानेवारी, रविवार

घर पाहून आलो. संगमेश्वर तालुका, बावनदीच्या खोऱ्यातली उतारावर वसलेली वाडी. वाडीचं नाव आणि घरच्यांची नावं नोंदीत येणार नाहीत, तसं घरात राहणाऱ्या काकींना कबूल केलंय. वाडीत आता स्लॅबची घरं जास्त, उरलेली कौलारू आणि पत्र्याची. गवताचं छप्पर, म्हणजे केंबळ, या एकाच घरावर, तेही फक्त मागच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या मागच्या उतारावर. पुढून पाहिलं तर साधं मंगळुरी कौलांचं घर वाटतं. वळसा घालून पश्चिमेला गेलं की मग गवत दिसतं, जमिनीपासून जेमतेम छातीपर्यंत उतरलेलं.

काम तीन प्रकारचं आहे. मोजणी आणि आराखडे. घराचा इतिहास, कागदांतून आणि तोंडी. आणि मे महिन्यात मागच्या पाख्याची शाकारणी होईल, म्हणजे नवं गवत घातलं जाईल, त्याची नोंद. शाकारणीचा खर्च काकींचा पुतण्या देणार आहे, तो डोंबिवलीला असतो. त्याचं म्हणणं असं की काकी आहेत तोवर गवत राहू दे, पुढचं पुढे.

काकी म्हणाल्या, "मोजा काय मोजायचं ता, पन वाकून चला. नवं मानूस आलं की त्या वळचनीला पयला कपाळ आपटतंच." वळचण म्हणजे छपराची खाली उतरलेली कड.

१३ जानेवारी

टेप, ओळंबा, पाण्याची नळी. मुख्य घर पाच खणांचं. खण म्हणजे दोन मेढींमधलं, म्हणजे खांबांमधलं अंतर, आणि जुन्या माणसांच्या तोंडी घराचं माप फुटात नसतंच, "पाच खणी घर" म्हटलं की झालं. इथे एकही खण दुसऱ्यासारखा नाही. सर्वांत लहान सात फूट चार इंच, सर्वांत मोठा सव्वाआठ. जिथे लाकूड जसं मिळालं तसं बसवलंय.

जोत्याची लांबी ४२ फूट. रुंदी मुख्य घराची २२ आणि पुढच्या पडवीची ८. जोतं जांभ्याच्या चिऱ्यांचं, पण घडीव चिरे फक्त पुढच्या बाजूला. कडेला आणि मागे गडगा रचावा तसे ओबडधोबड दगड. पुढून सव्वादोन फूट उंच, मागे जमिनीलगत, कारण उतार कापून घर बसवलंय.

आत शिरल्यावर पडवी, मग माजघर, उजवीकडे चुलीची खोली, डावीकडचे दोन खण गोठ्याचे. माणसं आणि गुरं एकाच आढ्याखाली (आढं म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड). मधे फक्त कुडाची भिंत आणि तिला कमरेएवढ्या उंचीवर एक झरोका. रात्री गाय व्यायला झाली तर अंथरुणातून कळायला हवं म्हणून, काकी म्हणाल्या. गोठा गेली काही वर्षं रिकामा. तिथे आता गॅसचं रिकामं सिलिंडर, पुतण्याच्या मुलाची सायकल आणि तळ फुटलेली कणगी.

माजघराच्या कोपऱ्यात जमिनीत पुरलेलं उखळ आहे. काठ झिजून एका बाजूने खोल झालाय. कांडणारी बाई कुठल्या बाजूला उभी राहायची ते त्यावरून कळतं: दाराकडे तोंड करून.

२ फेब्रुवारी

भिंती. पुढची भिंत मातीची, दीड फूट जाड. बाकी सगळे कूड. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या कामट्यांनी बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेण-माती लिंपायची. चुलीच्या खोलीत एका जागी लिंपण निसटलंय, तिथे काठ्या मोजता आल्या: एका हाताच्या रुंदीत तेवीस. अंगठ्याएवढ्या जाड आणि जवळजवळ सगळ्या सरळ.

कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते आणि फुलोऱ्यानंतर वाळून जाते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. बाबांचं म्हणणं, फुलून मेलेली कारवी कुडाला घेत नाहीत, ती काडकन मोडते. दिवाळीनंतर हिरवी, पक्की काठी तोडून सावलीत वाळवायची. (बाबा म्हणजे वाडीतले शाकारणी करणारे शेवटचे जाणकार. ऐंशीच्या घरातले. सगळी वाडी त्यांना बाबाच म्हणते.)

गोठ्यातली एक मेढ कललीय, तिच्या बुडाशी दीड फूट खणलं. मेढ म्हणजे वर दुबेळकं असलेला खांब, त्या दुबेळक्यात आढं किंवा तुळई बसते, खिळा लागत नाही. ही किंजळीची. जमिनीखालचा भाग काळाकुट्ट निघाला, बोटाला कोळसा लागला. पुरण्याआधी बूड भाजून घेतलेलं. वाळवी जमिनीलगतच्या चार बोटांतच लागलीय, भाजलेल्या भागाला नाही. त्या चार बोटांनी मेढ कलली.

पुढच्या रांगेच्या मेढी पाहताना वेगळंच दिसलं. पाचही खणांच्या पुढच्या खांबांना सात फुटांवर जोड आहे. जोडाखालचं लाकूड कुऱ्हाडीने तासलेलं आणि काजळीने काळं. जोडावरचे साडेचार फूट करवतीने कापलेले आणि फिकट. मागच्या रांगेला असा जोड कुठेच नाही. आज फक्त फोटो आणि मापं घेतली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कागदांचा दिवस. ग्रामपंचायतीत नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. मग तलाठी कार्यालयात सातबारा आणि जुने फेरफार. जुन्या फेरफारांची पानं हाताळायला भीती वाटते, कडा भुगा होऊन हातात येतात. ज्यांनी शोधून दिली त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही.

घराचं वय सांगणारा कागद मिळत नाही, मिळणारही नाही. मिळतो तो घराखालच्या जमिनीचा. ही वाडी खोताच्या गावातली. खोत सरकारचा सारा भरायचा आणि कुळांकडून आपला वाटा घ्यायचा. कूळ पिढ्यानपिढ्या तीच जमीन कसायचं, पण कागदावर त्याचं काही नसायचं. डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं ते सप्टेंबर १९३७ मध्ये. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. तिकडे अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून काही वर्षं शेतं पडीक ठेवून संप केला होता. कायदा यायला मात्र १९४९ उजाडलं. त्याच्या आधल्या वर्षी कूळकायदा, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला.

या घरच्यांच्या फेरफारात कूळकायद्याच्या कलम ३२ ग खाली जमिनीची किंमत ठरल्याची नोंद आणि नंतर कलम ३२ म चं, म्हणजे खरेदी पुरी झाल्याचं प्रमाणपत्र, १९६२ सालचं. त्याच कूळकायद्यात घराबद्दलही तरतूद आहे. कुळाने बांधलेल्या राहत्या घरातून त्याला काढता येत नाही, आणि घराखालची जागा विकायची झाली तर ती घेण्याचा पहिला हक्क त्याचा.

आता नमुना ८ शेजारी ठेवून पाहिला. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत घराच्या वर्णनात "गवती". १९६६-६७ च्या आकारणीत "अर्धे कौलारू". म्हणजे जमीन नावावर झाल्यापासून चार वर्षांत कौल चढलं.

गवताच्या घराला आपण सरसकट गरिबीचं घर म्हणतो. गरिबी होतीच. पण जागाच आपली नाही तिथे चिरा आणि कौल कोण घालणार? गवत, कारवी, बांबू यांत पैसा अडकत नाही, अडकते ती मेहनत. उद्या जागा सोडायला लावली तरी मेढी आणि वासे उपटून नेता येतात. जागा नावावर झाल्यावर सगळ्यात आधी बदललं ते छप्पर. दोन तारखांवरून एवढं म्हणायचं का, असं कुणी विचारेल. म्हणून पुढच्या खांबांचे जोड महत्त्वाचे.

२२ फेब्रुवारी

घरी बसून छेद काढला, म्हणजे घर उभं कापलं तर आत कसं दिसेल ते चित्र. मागचा पाखा ४५ अंशांचा. आढं जोत्यापासून १८ फुटांवर, मागची वळचण साडेचार फुटांवर. पुढचा कौलांचा पाखा ३० अंशांचा, आढ्यापासून थेट पडवीच्या टोकापर्यंत एकाच सरळ रेषेत. म्हणजे छेदात घर मागे बसकं आणि पुढे ताठ दिसतं.

आता पुढेही ४५ अंशांचा पाखा होता असं धरलं, तर आढ्यापासून अकरा फूट पुढे येईपर्यंत छप्पर सात फुटांवर उतरतं. नेमके सात फूट, जिथे खांबांना जोड आहे. आजचं छप्पर त्याच जागी साडेअकरा फुटांवर आहे. वाढवलेले तुकडे साडेचार फुटांचे. गणित जुळलं.

म्हणजे मूळचं घर दोन्हीकडे सारख्या उताराचं, पूर्ण गवती. पडवी असली तर तिचं छप्पर वेगळं, आणखी खालचं. कौलं घालताना पुढचे खांब साडेचार फुटांनी उंच केले, उतार कमी केला, घर आणि पडवी एका छपराखाली घेतली. काजळी जोडाखालीच आहे कारण जुन्या चुलींचा धूर गवताखाली कोंडायचा, आणि तेव्हा गवत तिथवरच होतं.

उतार का बदलावा लागला? गवताला उभा उतार लागतो. पाणी काडीकाडीवरून ओघळत खाली जातं, वरची दोन-तीन बोटं भिजतात आणि आतलं कोरडं राहतं. उतार ४५ च्या खाली आला की पाणी रेंगाळतं आणि गवत कुजतं. कौल उलट. फार उभ्या पाख्यावर ते सरकायला बघतं आणि छपराचं क्षेत्रफळ वाढून जास्त लागतं. कौलाला सरळ वासे आणि ठरावीक अंतरावर रिपा हव्यात, नाहीतर खाच बसत नाही. गवत कुठल्याही वाकड्या वाशावर बसतं. मागच्या पाख्यात असा एक वासा आहे की त्याला वासा म्हणणं हे औदार्य झालं.

१ मार्च

कौलं. पडवीच्या टोकाची काही उतरवून मागची बाजू पाहिली. निम्म्यांवर बासेल मिशनचा शिक्का आणि खाली १८६५. पुतण्या फोनवर एकदम खूश, "म्हणजे आपलं घर १८६५ चं!"

तसं नाही. १८६५ हे मंगळूरच्या बासेल मिशनच्या कौल कारखान्याचं स्थापनेचं साल. गेओर्ग प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने तो सुरू केला, आणि ते साल नंतरच्या कौलांवर छापत राहिले. खाचेत खाच बसणाऱ्या कौलाचा नमुना त्याही आधीचा, फ्रान्समधल्या आल्सासच्या जिलार्दोनी बंधूंचा, १८४१ चा. मंगळूरची कौलं समुद्रमार्गे कोकणच्या बंदरांत उतरायची. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, त्यामुळे मिशनच्या नावाचं कौल बहुधा त्याआधीचं.

मग १९६६ साली चढलेल्या छपरावर पन्नास वर्षं जुनी कौलं कशी? उत्तर बाबांनी उभ्या उभ्या दिलं. "ती खोताच्या वाड्याची. वाडा उतरला तवा कौलं इकली त्यांनी. आमच्या वाडीतनं चार घरांनी घेतली. डोक्यावरनं आनली मी सोता."

कुणी कुणाच्या घरावरची कौलं घेतली यावर बाबांनी काही भाष्य केलं नाही. मीही करत नाही.

१५ मार्च

शिमगा. पालखी वाडीत यायची आहे म्हणून चाकरमानी आलेत, रात्री पडवीत माणसांची गर्दी. मोजणी शक्य नाही, म्हणून फक्त ऐकलं.

शाकारणी पूर्वी कशी व्हायची? मे महिन्यात. गिरणीतली माणसं रजा टाकून यायची ती आंबे खायला नव्हे, घरं शाकारायला. आज तुझं, उद्या माझं. एका घरावर दहा-बारा जण, दोन दिवसांत एक घर उरकायचं. मजुरी नाही, दुपारी भात आणि सुक्या मासळीचं कालवण, संध्याकाळी गूळ-पाणी. ज्याच्या घरात गडीमाणूस नाही त्या विधवेचं घर आधी घ्यायचे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पहिल्या एक-दोन वर्षांत तर गावात माणसं उलट वाढली, पुष्कळ जण परत आले. एक काका म्हणाले, "त्या सालासारखी शाकारनी पुन्हा झाली नाय. निस्ती मानसंच मानसं, काम कमी." मग ती माणसं पुन्हा मुंबईला गेली, पण गिरणीत नाही. वॉचमन, कुरिअर, छोटे कारखाने, टेम्पो. तिथे मे महिन्याची भरपगारी रजा कुठली? ज्यांना जमलं त्यांनी कौलं घातली, ज्यांना नाही त्यांनी पत्रा. पत्र्याला दरवर्षी माणसं लागत नाहीत, हा त्याचा एकमेव गुण, पण तो पुरला.

पावसामुळे गवत गेलं नाही. गवत याच पावसात शेकडो वर्षं होतं.

भूकंपाचाही विषय निघाला. ११ डिसेंबर १९६७, कोयना, पहाट. डोंगरापलीकडेच कोयना, त्यामुळे इथे जोरात जाणवला. बाबा: "कौलं घातली नि दुसऱ्या साली धरनी हालली. फुडची कौलं सरकून खळ्यात पडली. मागचं गवात जाग्यावर." कौलं सरकली त्याची खूण अजून आहे: पडवीच्या उत्तर टोकाला शिक्का नसलेली वेगळीच कौलं बसवलीत.

१३ एप्रिल

छपराचा आतला भाग, शिडी लावून. आढं ऐनाचं, दोन तुकड्यांचं. वासे मिसळ: ऐन, किंजळ, दोन फणसाचे. त्यांवर आडव्या बांबूच्या काठ्या वीतभर अंतरावर, बांधलेल्या. जुन्या बांधणीत केवणी या रानझुडपाची साल, नंतरच्यांत काथ्या, अगदी अलीकडे नायलॉन. निळं नायलॉन बोटाने चोळलं तर भुसभुशीत होऊन तुटतं. त्याच्या शेजारची केवणीच्या सालीची गाठ मला सोडवता आली नाही.

चुलीच्या वरच्या भागात काठ्या काजळीने चकचकीत. गोठ्यावर मात्र पिवळसर पीठ झडतंय, बांबूला भुंगा लागलाय. हा फरक काकींना ठाऊक आहे. धुराने कीड लागत नाही. या घराला धुराडं नाही, धूर गवतातूनच बाहेर पडायचा आणि जाता जाता छपराची राखण करायचा. आठ वर्षांपूर्वी गॅस आला, चूल आता पाणी तापवायला, तीही बाहेर न्हाणीपाशी. काकींची खोकल्याची कटकट कमी झाली आणि छपराला भुंगा लागला. यात कोणाचं चुकलं असं म्हणता येत नाही. काकींनी पुन्हा धुरात बसावं असं तर कोणी म्हणणारच नाही. शाकारणीआधी काही दिवस माजघरात धुरी घालायचं ठरलं, कडुनिंबाचा पाला आणि शेणी.

दुपारी दोन वाजता तापमान घेतलं. शेजारच्या पत्र्याच्या पडवीत ३९, इथे कौलांखाली ३६, मागे गवताखाली ३२. शेजारच्या वहिनी दुपारी भाजी निवडायला इकडे येऊन बसतात, त्यामुळे थर्मामीटर दाखवून काही नवीन कळलं असं नाही.

२७ एप्रिल

गवताचा हिशेब. मागचा पाखा ४२ बाय १९ फूट, म्हणजे आठशे चौरस फूट. वीतभर जाडी. पूर्ण नव्याने घालायचं तर बाबांच्या अंदाजाने पन्नासेक भारे. जमलेत तीसच. म्हणून तीन खण पूर्ण उघडायचे आणि दोन खणांवर नुसती वरची भर.

तीसच का? गवत दिवाळीनंतर कापून उडवी रचायची असते. कापायचं ते वरकस जमिनीवरून, डोंगरउतारावरची ती जमीन जिथे नाचणी, वरी आणि गवत व्हायचं. आता तिथे काजू. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि कोकणातल्या वरकस जमिनीवर आंबा-काजू उभा राहिला. लोकांच्या हातात पैसा आला, हे चांगलंच झालं. पण कलमांखाली गवत वाढू देत नाहीत, वणवा लागेल म्हणून साफ करतात. जे सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळ-माळावर उरतं ते जानेवारी-फेब्रुवारीतल्या वणव्यात जातं. शिवाय गुरं नाहीत म्हणून गवत राखायची गरज कुणालाच नाही.

बाबा म्हणाले, "गवात हाय ओ अजून, पन कापनार कोन?" आणि पुतण्या म्हणतो कापायला माणूस मिळेल, पण गवत कुठे आहे. दोघांचंही खरं.

पेंढा वापरावा का? भाताचा पेंढा एका पावसात काळा पडतो. डोंगरी गवत तीन-चार पावसाळे टिकतं. वळचणीकडे गवत, वर आढ्याजवळ थोडा पेंढा, असं ठरलं.

१० मे

बांबू आले. माणगा, सहा महिन्यांपूर्वी तोडलेला, ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवलेला. पाण्यातून काढल्यावर वास असा की वाटेवरचे लोक नाक धरून जातात, पण बांबूतली साखर धुऊन जाते आणि भुंग्याला खायला उरत नाही. कामट्या काढण्याचं काम बाबांनी स्वतःकडे ठेवलं. कोयता बुडख्यापासून शेंड्याकडे न्यायचा नाही, शेंड्यापासून बुडख्याकडे, नाहीतर फाटा एका बाजूला पळतो.

केवणीची साल भिजवून ठेवलीय. ओलीच बांधायची, वाळली की आवळते.

१८ मे, रविवार

शाकारणी सुरू. सहा माणसं, त्यात तीन मजुरीवर, दोन वाडीतले, एक पुतण्या. बाबा खाली खुर्चीवर बसून ओरडतात.

सकाळी जुनं गवत उतरवलं. थरावर थर. वरचे दोन हाताने सुटतात. सगळ्यात खालचा थर, वाशांना टेकलेला, काळा आणि चिवट झालाय, काजळी बसून चामड्यासारखा. बाबांनी तो काढू दिला नाही. "तो तुझ्या आज्याच्या हातचा. त्याला धक्का लावू नको, त्यावर घाल." पुतण्याने हात मागे घेतला. मी तो थर मोजला, साडेतीन इंच, आणि एक मूठ नमुना पिशवीत घेतला. घरातली सगळ्यात जुनी वस्तू कदाचित हीच असेल, आणि ती छपरातल्या सगळ्यात नाशवंत मालाची बनलेली.

रचना वळचणीपासून वर. पहिल्या थराला बुडखे खाली, म्हणजे कड जाड आणि ताठ राहते. पुढचे थर शेंडे खाली. प्रत्येक थरावर आडवी कामटी, आणि ती आतल्या काठीला शिवून घ्यायची. शिवणाचं दाभण बांबूचं, हातभर, टोकाजवळ भोक. बाहेरचा माणूस दाभण गवतातून आत खुपसतो. आत माजघरात माळ्यावर बसलेला माणूस साल काढून घेतो, काठीभोवती फिरवतो, पुन्हा दाभणात ओवतो आणि "घे" म्हणतो. बाहेरचा ओढतो, गुडघा कामटीवर दाबून गाठ मारतो. आतल्याला बाहेरचा दिसत नाही, सगळं आवाजावर. दोघांची लय जमली की मिनिटाला एक टाका.

संध्याकाळपर्यंत एक खण पूर्ण, दुसऱ्याचा निम्मा.

२० मे

दुपारी ढग. तीनला सुरू झाला तो थांबलाच नाही. वळवाची सर नव्हे, सरळ आषाढातला पाऊस. दुसरा खण अजून अर्धा उघडा. दोन ताडपत्र्या घराच्या, एक शेजाऱ्यांची, एक भाताच्या खळ्यावरची. पुतण्या छपरावर, मी खालून दोऱ्या ओढतोय, काकी माजघरातली भांडी गोठ्यात हलवतायत. उरलेलं गवत आधी झाकलं, मग छप्पर. हा क्रम बाबांचा: "छप्पर भिजलं तर वाळंल. गवात भिजलं तर संपलं."

२६ मे

अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊन २४ तारखेला रत्नागिरी ते दापोलीदरम्यान किनाऱ्यावर आला. २५ ला मोसमी पाऊस महाराष्ट्रात पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, आज मुंबईतही. नेहमी जूनच्या पहिल्या आठवड्यात इकडे येणारा पाऊस यंदा रोहिणी लागताच हजर. शाकारणीचं सगळं वेळापत्रक "मिरगाच्या आत" या हिशेबावर चालतं. मे महिन्याचे शेवटचे दहा दिवस त्या हिशेबातून असे निघून गेले तर कोरड्या गवताचा काळच उरत नाही.

मधे दीड दिवस उघडीप मिळाली, तेवढ्यात दुसरा खण पुरा केला. तिसरा उघडलाच नाही, त्यावर नुसती भर घातली. बाबांनी ताप अंगावर काढत दोन टाके स्वतः मारले, कारण आढ्याचा शेवटचा थर दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला ते तयार नव्हते.

८ जून

पहिल्या दोन आठवड्यांच्या पावसानंतर गळती पाहिली. नवे दोन खण कोरडे. भर घातलेल्या तीन खणांत एका जागी ओल, गोठ्यावर, भुंगा लागलेल्या काठीपाशी. खरी गळती मात्र आढ्यावर आहे, सलग ४२ फूट. मागून गवत चढतं, पुढून कौल येतं, आणि दोघांच्या मधे काय घालायचं याचं धड उत्तर १९६६ पासून कुणाकडे नाही. गवत आढ्यावरून कौलांवर वळवलं तर पुढच्या सपाट उतारावर ते कुजतं. कोन्याची कौलं बसवली तर गवताच्या बाजूला टेकायला काही नाही. इतकी वर्षं दरवर्षी तिथे झावळ्यांची झापं टाकत आले. यंदा झापं नव्हती, प्लॅस्टिक टाकलंय.

वळचणीखालून मागे फिरलो. पागोळ्या जोत्यापासून अडीच फूट लांब पडतात, कुडावर थेंब नाही. पश्चिमेची झड या बाजूने येते, म्हणून इकडची वळचण इतकी खाली. कपाळ आपटतं ते त्यासाठी.

पुतण्याने घरकुलाचा विषय काढला. काकींचं नाव यादीत आहे, गवताचं छप्पर आणि कुडाच्या भिंती म्हणजे कच्चं घर, त्यामुळे त्या पात्र. प्रधानमंत्री आवास योजनेत साध्या भागाला १ लाख २० हजार, किमान २५ चौरस मीटर. जुन्या घराचा फोटो अक्षांश-रेखांशासह चढवावा लागतो. फोटो मागच्या बाजूने घेतला, पुढून घेतला तर कौलं दिसतात. नवीन खोली खळ्याच्या कडेला उठेल. काकी तिथे झोपायला जातील का, असं विचारलं तर म्हणाल्या, "थंडीत जाईन. उन्हाळ्यात कोन जातंय त्या भट्टीत."

२२ जून

आराखड्यांचे सहा कागद झाले. जमिनीचा नकाशा, दोन छेद, चार बाजू, छपराची बांधणी, मेढींच्या जोडांचा तपशील, आणि शाकारणीचा टाका मोठ्या मापात, दाभणासह.

छेद कुठल्या काळचा काढायचा यावर मित्राशी वाद झाला. त्याच्या मते मूळचं पूर्ण गवती घर काढायला हवं, दोन्हीकडे ४५ अंश, "खरं" घर ते. मी ते वेगळ्या पातळ रेघेने दाखवलंय, जोडांच्या पुराव्यावरून. मुख्य छेद २०२५ च्या जूनचाच: पुढे खोताची कौलं, मागे गवत, आढ्यावर प्लॅस्टिक. खालचा साडेतीन इंची काळा थर वेगळ्या रेघांनी भरलाय आणि शेजारी लिहिलंय, "काढू नये".

पुढचं काम: आढ्यासाठी झापं विणून घेणे, नोव्हेंबरच्या आत. गवतासाठी शेजारच्या वाडीत सड्याचा एक तुकडा ठरवलाय, मालक कापू देईल पण वणव्याची हमी देणार नाही. जाळपट्टा आपण काढायचा. केवणीची साल बाबांच्या नातवाला काढायला शिकवायची, तो तयार आहे. काकींना आराखड्यांचा एक संच पाहिजे, पण कागदावर नको, "भिजतील." लॅमिनेट करून पाठवायचे.